आर. के. पुरम : हौसेचे हँडल

दिल्लीत पाहुणा आला की त्याला लाल किल्ला दाखवतात, कुतुबमिनार दाखवतात. आर. के. पुरम दाखवायला कुणी नेत नाही. रिंग रोड आणि आउटर रिंग रोड यांच्यामध्ये पसरलेली ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. सेक्टरचा आकडा हीच इथल्या पत्त्याची खूण. सेक्टर ७ मधल्या टेकडीवर मलै मंदिर आहे. तमिळमध्ये मलै म्हणजे डोंगर. दुधावरच्या मलईशी त्याचा काही संबंध नाही! बाकी सगळीकडे एकसारखी सरकारी घरे आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून बदलीवर आलेली कुटुंबे.

अशा वसाहतीत जिन्याखाली मुलाची जुनी सायकल गंजत असते आणि दारात त्याची नवी मोटारसायकल उभी असते. मग सायकलचे ते ऐटबाज हँडल मोटारसायकलला का लावू नये, अशी कल्पना तरुण डोक्यात येते. शिवाय फुकटात!

नाते तसे जुनेच आहे. सायकलीला इंजिन जोडूनच मोटारसायकल जन्माला आली. सायकली बनवणाऱ्या रॉयल एनफिल्डने पहिली मोटारसायकल १९०१ मध्ये काढली. आपल्या पुण्याची लूना १९७२ मध्ये आली, ती पायडलसकटच.

फसगत होते ती मापामुळे. दोन्ही हँडलांची मुठीजवळची जाडी साधारण २२ मिलिमीटर असते, म्हणून मूठ आणि ब्रेकची दांडी सहज बसते. पण मध्यभागी, जिथे हँडल आवळतात, तिथे सायकलची नळी बहुधा २५.४ मिलिमीटर असते, तर बऱ्याच मोटारसायकलींची पकड २२ मिलिमीटरची. मग कुणी नळी घासतो, कुणी पकड कोरतो.

मूठ बसली म्हणजे हँडल बसले असे नव्हे. सायकलचे वजन पंधरा-वीस किलो, मोटारसायकलचे शंभराच्या पुढे. जोराचा ब्रेक लागला की सारा भार मनगटांतून त्या पातळ नळीवर येतो. इंजिनची थरथर तिला रोज थोडी थोडी थकवते. ॲल्युमिनियमची नळी तर फारशी पूर्वसूचना न देताच मोडू शकते. हँडलचा आकार बदलला की केबलही ताणतात. वळणावर ॲक्सिलरेटरची केबल ओढली गेली तर इंजिन आपोआप वेग घेते.

कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये वाहनातील फेरफारांवर बंधने आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो. तरीही मुलाची हौस मोडू नका. हँडल बदलायचेच असेल तर मोटारसायकलसाठीच बनवलेले घ्या, आधी परिवहन कार्यालयात विचारा आणि ते अधिकृत कारखान्यातच बसवून घ्या. घरी आणल्यावर गाडी मधल्या स्टँडवर उभी करून, गिअर न टाकता इंजिन चालू ठेवा आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. आवाज वाढला, तर गाडी रस्त्यावर काढू नका.