ओहोटीच्या वेळचं गाव

कोरियात मुलं वडिलांना 'आप्पा' म्हणतात आणि आईला 'ऑम्मा'. घरात मराठी आणि दारात कन्नड बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना ही हाक ऐकली की निम्मा परकेपणा तिथंच गळून पडतो. क्रियापद वाक्याच्या शेवटी, प्रत्यय शब्दाच्या मागं, हेही आपल्या दोन्ही भाषांसारखंच. अनोळखी म्हाताऱ्या बाईलाही तिथं सरळ 'हाल्मोनी', म्हणजे आजी, अशीच हाक मारतात.

मागच्या जानेवारीत एका चर्चासत्रासाठी मी ग्वांग्जू शहरात गेले होते. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिथं संशोधन करते. मूळची खानापूर तालुक्यातली. म्हणाली, "मॅडम, सोल सगळेच बघतात. मी तुम्हाला चिखल दाखवते." आणि ती मला दक्षिण किनाऱ्यावरच्या बोसाँग भागात, बॉल्ग्यो गावाजवळच्या एका लहानशा वस्तीत घेऊन गेली.

समुद्र बघायला म्हणून गेलो आणि समुद्र जागेवर नव्हताच! ओहोटीनं पाणी पार दूर गेलेलं आणि नजर पोचेल तिथवर करडा, ओला, चकाकणारा चिखल. त्यात सापासारख्या वळणावळणाच्या पाण्याच्या वाटा. कोरियन लोक याला 'गेत्बोल' म्हणतात. किनाऱ्याजवळचा समुद्र उथळ, नद्या गाळ आणून टाकतात आणि भरती-ओहोटीचा पल्ला मोठा. पश्चिमेला इंचॉनजवळ तर हा फरक 9 मीटरपर्यंत जातो. आपल्या कारवार-गोव्याकडे तो जेमतेम दोन-अडीच मीटर. कोकणात जिला निवटी म्हणतात, तसली चिखलावर उड्या मारणारी मासळी इथंही आहे. पण थंडीत ती बिळात झोपून राहते, त्यामुळं भेट झाली नाही.

दुरून रिकामा वाटणारा हा चिखल म्हणजे गावाचं शेतच. त्यात 'कोमाक' नावाच्या शिंपल्या मिळतात. आपल्या तिसऱ्यांच्या जातीतल्या, पण कवचावर खोल रेघा आणि आत रक्तासारखा लाल रस. हंगाम हिवाळ्याचा. चिखलात पाय टाकला तर मांडीपर्यंत रुततो, म्हणून बायका लांब, अरुंद, पुढून वर वळलेली लाकडी फळी वापरतात. एक गुडघा फळीवर टेकायचा आणि दुसऱ्या पायानं चिखल मागं रेटत पुढं सरकायचं. फळीला मोठ्या फणीसारखं अवजार लावून शिंपल्या ओढून काढायच्या. ही विद्या सासूकडून सुनेकडं येत गेलेली. चिखल एकाच्या मालकीचा नाही. कोणत्या दिवशी उतरायचं, किती काढायचं हे कोळीवस्तीची संस्था मिळून ठरवते. भरती-ओहोटीचा हिशेब चंद्राच्या तिथीवर, आपल्या कोळ्यांसारखाच.

2021 साली युनेस्कोनं कोरियाच्या चार ठिकाणच्या गेत्बोलांना जागतिक वारसा म्हटलं. त्यात बोसाँग आणि शेजारच्या सुनचॉनचा हा किनारा आहे. दूर देशांतून उडत येणारे पक्षी इथं पोट भरून पुढं जातात. त्याच देशात, पश्चिम किनाऱ्यावर सेमांगुम इथं, 33.9 किलोमीटर लांबीची भिंत बांधून केवढा तरी चिखल समुद्रापासून तोडला गेला. 2006 साली भिंतीची दोन टोकं जुळली. चिखल गेला, शिंपल्या गेल्या, पक्ष्यांचा थांबा गेला. ते पाहिलेल्या देशाला उरलेल्याची किंमत कळली असावी.

पाणी परत चढायला लागलं तशा चार-पाच बायका फळ्या ओढत धक्क्यावर आल्या. सगळ्याच सत्तरीच्या आसपासच्या. बोटं थंडीनं लाल झालेली, पण गप्पा आणि हसणं चालूच. त्यातल्या एका आजींनी नळाखाली शिंपल्या धुता धुता विद्यार्थिनीला काहीतरी विचारलं. ती क्षणभर गप्प झाली. मग मला म्हणाली, "विचारतायत, तुझी आई कुणाजवळ असते?"

"मग काय सांगितलंस?"

"एकटीच असते म्हटलं. थोडं शेत आहे, भात लावते."

आजी काही बोलल्या नाहीत. एका पिशवीत दोन ओंजळी शिंपल्या घातल्या आणि तिच्या हातात दिल्या. पैसे घेतले नाहीत. त्यांची स्वतःची मुलं सोलला आणि बुसानला असतात, हे नंतर कळलं. सून फळीवर बसायला शिकली नाही, आणि तिनं शिकावं असं आजींनाही वाटत नाही. "गुडघे राहत नाहीत," एवढंच म्हणाल्या.

गाव शांत आहे, स्वच्छ आहे, असं मी मनात म्हणत होते. पण ही शांतता कुठून आली ते तेव्हा लक्षात आलं. रस्त्यात खेळणारं एक मूल नव्हतं. 2023 साली कोरियाचा जननदर 0.72 वर आला, म्हणजे बाईमागं सरासरी एक मूलही नाही. आपल्याकडं आकडे वेगळे असतील, पण खानापूर-चंदगडकडच्या गावांत वर्षभर कुलूप असलेली आणि गणपतीपुरती उघडणारी घरं आपण बघतोच की. मुलं शिकावीत, लांब जावीत म्हणून आपणच धडपडतो. ते चूक म्हणवत नाही. मी शिकवते ती मुलंही जाणारच.

जागतिक वारशाचा फलक चिखलाला आणि पक्ष्यांना जपेल. फळीवर गुडघा टेकणाऱ्या बाईला कोण जपणार, याचं उत्तर त्या गावाजवळ नाही आणि आपल्याजवळही नाही. तरी एक करता येईल. सुट्टीत मुलांना घेऊन कारवारला किंवा गोव्याला जाल तेव्हा ओहोटीची वेळ विचारून काळी नदीच्या किंवा झुआरीच्या काठावर उभे राहा. कमरेत वाकून तिसऱ्या काढणाऱ्या बायका दिसतील. घासाघीस न करता त्यांच्याकडून दोन वाटे घ्या, आणि हे काम त्या कुणाकडून शिकल्या, तेवढं मुलांना विचारू द्या.