सायन्स घेतलं की काय होतं?

आर्ट्‌सच्या विद्यार्थ्याने सायन्सविषयी लिहावे याचे वाचकांना हसू येईल. येऊ द्या! आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि यंदा धाकटी बहीण दहावीला आहे. तेव्हा अण्णांनी प्रश्न विचारायचा तो मलाच. गवंडीकामावरून येऊन पाय धुता धुता ते म्हणाले, "ही सायन्स म्हणतीया. सायन्स घेतलं की काय होतं रं?"

"डाक्टर होत्यात," आई चुलीपुढून म्हणाली. आमच्या गावात सायन्सचा अर्थ एवढाच. डॉक्टर, नाहीतर इंजिनीअर. दोन्ही जमले नाही तर पैसे पाण्यात.

मी चौकशीला लागलो. गणित आणि विज्ञान पहिली दहा वर्षे सर्वांनाच असावे, असे कोठारी आयोगाने (१९६४-६६) सुचवले होते. त्यामुळे दहावीपर्यंत आपण सारे एकाच बाकावर. अकरावीला वाटा फुटतात, आणि त्या मोठ्या एकतर्फी आहेत. बारावी सायन्स झालेला मुलगा माझ्याशेजारी इतिहासाच्या तासाला बसतो. मला मात्र बी.एस्सी.च्या रसायनाच्या वर्गात जागा नाही. शाखाशाखांत भिंती नकोत, असे २०२० च्या शैक्षणिक धोरणाने म्हटले आहे खरे. आमच्याकडे ती भिंत अजून होती तिथेच आहे.

सायन्समध्येही पोटवाटा आहेत. गणित सोडले की अभियांत्रिकी जवळजवळ बंद. जीवशास्त्र सोडले की बी.एस्सी. नर्सिंग आणि वैद्यकी. (जीवशास्त्र मागाहून जादा विषय म्हणून देऊनही 'नीट'ला बसता येते, असा निर्णय नोव्हेंबर २०२३ मध्ये झाला. किती जणांना ठाऊक आहे?) फार्मसीला आणि कृषी पदवीला दोन्हींपैकी कोणताही गट चालतो. शिवाय दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. अण्णांच्या कामावरचे साहेब असे डिप्लोमावालेच निघाले! साध्या बी.एस्सी.चे नाव मात्र कुणी काढत नाही. जणू ते नापासांचे धर्मादाय वसतिगृह.

हे सगळे मी घरात वाचून दाखवले. बहीण एवढेच म्हणाली, "मला डाक्टर न्हाई व्हायचं. मला झाडांचं शिकायचंय."

अण्णा बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "दोन्ही इषय ठेव. दार सोडायचं राहिलं तर मागनं भिंत फोडाया लागती."

सायन्सचे ज्युनिअर कॉलेज तालुक्याला आहे. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत मिळतो, म्हणजे भाड्याची काळजी नाही. पण प्रॅक्टिकल संपते संध्याकाळी, आणि आमच्या गावची शेवटची गाडी त्याआधी सुटते. ती अर्धा तास उशिरा सोडावी म्हणून डेपोत अर्ज दिला आहे. खाली पालकाची सही अण्णांची आहे, मजकूर माझा.