मनगटाला न कळलेला पीळ

पुस्तकांवर प्रेम करणाऱ्या माणसांना पुस्तकांच्या वजनाची कल्पना क्वचितच असते. आम्हा दोघांनाही ती नव्हती. दोघांचा मिळून निम्म्या शतकाचा काळ महाविद्यालयात मराठी शिकवण्यात गेला. 'शब्दाला वजन असते' हे वाक्य वर्गात किती वेळा उच्चारले असेल याची गणती नाही. पण केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड एका फळीवर ओळीने मांडले तर भिंतीतल्या स्क्रूवर काय गुदरते, हा विचार कधी मनाला शिवला नव्हता.

पेठेतला वाडा पाडायला दिल्यावर आम्ही सदनिकेत राहायला आलो. नानांची पुस्तके खोक्यांतून आली आणि चार महिने खोक्यांतच राहिली. नाना म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील, एकीचे सासरे. आई रोज दुपारी त्या खोक्यांकडे पाहत आणि काही बोलत नसत. त्यांचे ते न बोलणे आम्हाला पुरेसे ऐकू येई. नेहमीचे सुतारमिस्त्री गावी गेलेले. शेवटी फळ्या आपणच बसवाव्यात असे ठरले. अडचण अशी, की आमच्यापैकी एकीचे मनगट मोडून सांधलेले, आणि एकाच्या हाती खडूपेक्षा जड हत्यार फारसे कधी आलेले नाही. दुकानदाराने सगळे ऐकून घेतले आणि कॉर्डलेस इम्पॅक्ट ड्रायव्हर पुढे केला. "हा हाताला पीळ देत नाही," तो म्हणाला. वाक्य अक्षरशः खरे होते, आणि पुढचा घोळ त्याच वाक्यातून झाला.

यंत्राचे अंतरंग समजून घेण्याचा उद्योग आम्ही नंतर केला. हाताने पेचकस फिरवताना लाकूड जेवढा विरोध करते तेवढा उलटा पीळ आपल्या मनगटात येतो. साध्या ड्रिल-ड्रायव्हरचेही तेच. स्क्रू अडला की मूठच गर्रकन फिरू पाहते. इम्पॅक्ट ड्रायव्हरच्या पोटात मात्र एक छोटा हातोडा आणि एक छोटी ऐरण असते. स्क्रू फिरवणारे बिट ऐरणीत बसते आणि स्प्रिंग हातोड्याला ऐरणीशी दाबून धरते. विरोध कमी असेतो दोघे जोडीने फिरतात. विरोध वाढला, की हातोडा पोलादी गोळ्यांच्या तिरक्या खाचांवरून मागे सरकतो, ऐरणीच्या कानांवरून निसटतो आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येऊन त्या कानांवर आडवा फटका मारतो. असे फटके मिनिटाला ३००० च्या वर. फटका आत आणि क्षणिक असल्याने त्याचा उलटा धक्का मुठीपर्यंत फारसा पोचतच नाही. १८ व्होल्टच्या यंत्राचा पीळ १५० न्यूटन-मीटरच्या पुढे जातो. लहान मोटारीच्या चाकाचे नट साधारण १०० च्या आसपास आवळतात. एवढे बळ सांधलेल्या मनगटाने लीलया वापरावे, आणि मनगटाला त्याची वार्ताही नसावी!

(नावातल्या साम्यामुळे पहिल्या दिवशी आम्ही याच यंत्राने विटांच्या भिंतीला भोके पाडू पाहिली. भिंत हसली असावी. त्या कामाला हॅमर ड्रिल लागतो, ज्याचा ठोका आडवा न बसता सरळ पुढे बसतो. तो शेजाऱ्यांकडून आणला. आणि दुपारी दोन ते चार या वेळेत चालवल्याबद्दल त्यांच्याकडूनच ऐकूनही घेतले. असो.)

भोकांत प्लॅस्टिकचे प्लग ठोकले, त्यांवर लाकडी पट्टी धरली, आणि काळे जिप्सम स्क्रू यंत्राने आत सोडले. काय तो आनंद! स्क्रू लोण्यात सुरी जावी तसा जाई, मग यंत्र टरटर वाजू लागे, आणि आम्ही त्या आवाजाला 'अजून घट्ट होते आहे' असा अर्थ देऊन चाप ओढूनच ठेवत असू. डोके पट्टीत रुतून दिसेनासे झाले की समाधान वाटे. दोन दिवसांत तीन फळ्या उभ्या राहिल्या. आईंनी स्वतः कापडाने पुसून खंड लावले, आणि आपली वेताची खुर्ची नेमकी त्याखाली, खिडकीच्या उजेडात ठेवली.

नवव्या दिवशी, दुपारी, आई पाणी प्यायला उठल्या आणि मागे फळी आली. वरची फळी मधल्या फळीला घेऊन आली. खुर्चीचा एक हात मोडला. ज्ञानकोशाचा एक खंड पाठीतून दुभंगला आणि त्यातली नानांच्या अक्षरातली टिपणे खोलीभर पसरली. आई स्वयंपाकघराच्या दारात पेला हातात धरून उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "अरे, आवाज केवढा झाला." त्या रात्री आम्ही दोघेही झोपलो नाही.

मिस्त्री गावाहून आले तेव्हा त्यांनी आधी भिंत पाहिली नाही. जमिनीवरचे स्क्रू वेचले आणि ओंजळीत घेऊन खिडकीशी बसले. आम्ही विद्यार्थ्यांना हस्तलिखिताचे पाठभेद लावायला शिकवतो, तसे ते एकेक स्क्रू वाचत होते. दोनांची डोकी मानेशी तुटलेली. "हा पडला तेव्हा तुटलेला नाही, सर. हा बसवतानाच चिरला होता. हे काळे स्क्रू कडक असतात, वाकत नाहीत, मोडतात. जिप्समच्या पत्र्याला ठीक आहेत, वजनाला नाहीत." उरलेल्यांच्या आट्यांत प्लॅस्टिकचा भुगा अडकला होता: पुरेसे आवळल्यावरही स्क्रू फिरतच राहिला आणि त्याने आपलाच प्लग आतून पोखरला. "पेचकस असता तर बाईंच्या हाताला कळलं असतं. मशीनमध्ये हाताला कळत नाही. डोळ्यानं आणि कानानं बघायचं." 'कानाने बघायचे' हा प्रयोग त्यांचाच, व्याकरण दुरुस्त करण्याची इच्छा आम्हाला झाली नाही.

मग त्यांनी आठवडाभर आम्हाला शिकवले, आणि अनेक वर्षांनी आम्ही बाकावर बसलो.

पहिला धडा भोकाचा. स्क्रूच्या गाभ्याएवढे बारीक भोक लाकडात आधी पाडले, तर लाकूड चिरत नाही आणि यंत्राला फटक्यांचा आधार फारसा घ्यावाच लागत नाही. दुसरा खाचेचा. आपण ज्याला सरसकट 'स्टार' म्हणतो ती बहुधा फिलिप्सची चार पाकळ्यांची खाच असते. जोर चढला की बिट तिच्यातून वर निसटते आणि खाच खाऊन टाकते. म्हणून बिट खाचेच्या नेमक्या मापाचे, इम्पॅक्टसाठीच घडवलेले हवे (साधे बिट त्या फटक्यांनी तुटून उडू शकते), आणि यंत्र स्क्रूच्या सरळ रेषेत मागून दाबून धरायला हवे. आमच्याकडून हे दाबणेच राहून जात होते. पीळ यंत्र देते म्हणून रेटाही तेच देईल, अशी आमची समजूत.

तिसरा धडा मात्र आठवडाभर पुरला. बहुतेक ड्रिल-ड्रायव्हरना आकड्यांचे एक कडे असते; ठरवलेल्या पिळाला ते आपोआप सुटते. इम्पॅक्ट ड्रायव्हरला सहसा ते नसते. थांबणे पूर्णपणे आपल्याकडे. चाप बंदुकीसारखा एकदम ओढायचा नाही, सतारीच्या तारेसारखा थोडा थोडा दाबायचा. सुरुवातीला संथ, स्क्रू सरळ धरला आहे हे दिसेपर्यंत. मग गुणगुण; मग पहिली टरटर. ती ऐकू आली की बोट सैल सोडायचे, डोक्याकडे पाहायचे, आणि पुढे तुकड्यातुकड्याने जायचे. टरटर बारीक आणि चढी होऊ लागली, की स्क्रूजवळ आता जागा उरलेली नसते. डोके पृष्ठभागाशी आले की संपले. भिंतीतल्या प्लगसाठी मिस्त्री त्याच्याही आधी थांबवत आणि शेवटचा अर्धा वेढा हातपेचकसाने देववीत. त्या अर्ध्या वेढ्यात सांधलेल्या मनगटात जो पीळ आला, तो दुखरा होता. पण भिंत आत काय म्हणते आहे हे पहिल्यांदा कळले.

कानाने ऐकायचे, तर कान शाबूत हवा, ही गंमत पुढे ध्यानात आली. हे यंत्र सहज ९० डेसिबलच्या पुढे ओरडते, आणि लहान खोलीत भिंती तो आवाज परत फेकतात. अमेरिकेच्या 'नायॉश' या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात आठ तास, तर १०० डेसिबल आवाजात जेमतेम १५ मिनिटे काढावीत. वृत्त वाचताना एक मात्रा कमी पडली तर ज्यांना कळते त्यांनी कानांत बोळे न घालता चार दिवस हे चालवावे, याला काय म्हणावे? बोळे घातल्यावरही टरटरीतला बदल ऐकू येतो. वाचायचा चष्मा म्हणजे संरक्षक चष्मा नव्हे, हेही एक तुटके बिट भुवईला चाटून गेल्यावर पटले. पदर खोचणे, केस बांधणे, बिट बदलताना बॅटरी काढणे, स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली भिंतीला हात न लावणे, कारण वायरी बहुधा तिथूनच जातात: हे सगळे मिस्त्री एकदाच सांगत आणि दुसऱ्यांदा नुसते पाहत.

'मळसूत्र' हा स्क्रूसाठीचा जुना मराठी शब्द आम्ही त्यांना सांगितला. त्यांनी तो ऐकून घेतला आणि पुढचा स्क्रू मागितला.

आता फळ्या पुन्हा लागल्या आहेत. जाड स्क्रू, मोठे प्लग, आणि खाली जमिनीपर्यंत उतरणारे दोन सागवानी पाय, म्हणजे सगळा भार भिंतीवर नाही. ज्ञानकोश सर्वांत खालच्या खणात आहे. दुभंगलेला खंड बाइंडरकडून आला, नानांची टिपणे सापडतील त्या पानांत परत ठेवली. तीन-चारांची जागा लागलेली नाही. खुर्चीचा हात मिस्त्रींनीच सांधून दिला. आई दुपारी पुन्हा तिथे वाचत बसतात. खुर्ची मात्र त्यांनी हातभर अलीकडे ओढून घेतली आहे, आणि आम्ही ती पूर्वीच्या जागी सरकवलेली नाही.