लेचवर्थच्या घळीतील डबे आणि अक्षांश-रेखांशांची अचूकता

दुसऱ्याने लपवलेला डबा अक्षांश-रेखांशांवरून शोधून काढणे, त्यातील नोंदवहीत नाव व तारीख लिहिणे आणि डबा होता तसाच जागेवर ठेवणे, एवढ्यावर उभ्या असलेल्या जिओकॅशिंग या छंदाचा उगम एका सरकारी निर्णयात आहे. जीपीएसच्या नागरी संकेतांत अमेरिकी सरकार हेतुपुरस्सर मिसळत असलेली त्रुटी 2 मे 2000 रोजी बंद झाली, त्यामुळे शंभर मीटरपर्यंत भरकटणारे स्थाननिर्धारण एका रात्रीत दहा-वीस मीटरांवर आले, आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगन राज्यात डेव्ह उल्मर यांनी पहिला डबा रानात ठेवून त्याचे स्थान जाहीर केले.

हा छंद किती काळजीने करावा लागतो, हे समजून घ्यायचे तर न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिमेकडील लेचवर्थ स्टेट पार्क पाहावे. जेनेसी नदीने येथे शेल आणि वालुकाश्माचे थर कापत सुमारे 17 मैलांची घळ तयार केली असून तिचे कडे काही ठिकाणी 600 फुटांपर्यंत चढतात. बफलोचे उद्योजक विल्यम प्रायर लेचवर्थ यांनी 1859 मध्ये येथे जमीन घेतली आणि पुढे ती राज्याला दान केली. त्यांनीच सेनेका या मूलनिवासी लोकांचे जुने सभागृह येथे आणून पुन्हा उभारले. 1758 मध्ये लहान वयात पळवून नेलेली, सेनेका कुटुंबाने दत्तक घेतलेली आणि नंतर स्वेच्छेने त्यांच्यातच राहिलेली मेरी जेमिसन 1833 मध्ये वारली. तिचे अवशेषही 1874 मध्ये या सभागृहाजवळ आणून पुरण्यात आले. म्हणजे ज्या भूमीवर शोधक डबा हुडकत फिरणार, त्या भूमीत एक कबर आहे आणि एका समाजाची स्मृती आहे.

अशा ठिकाणी स्थानाची अचूकता महत्त्वाची ठरते. जीपीएसविषयीचा सर्वसाधारण समज मात्र अजूनही चुकीचा आहे. मोबाइलच्या पडद्यावरील निळा ठिपका हे आपले नेमके स्थान, असे बहुतेकांना वाटते. जिओकॅशिंगमध्ये स्थान अंश आणि मिनिटांत, मिनिटाच्या तीन दशांश स्थळांपर्यंत लिहितात. अक्षांशाच्या बाबतीत शेवटचा अंक सुमारे 1.85 मीटर अंतर दाखवतो आणि लेचवर्थच्या अक्षांशावर रेखांशाचा शेवटचा अंक जेमतेम 1.4 मीटर. हे आकडे लिहिण्याची बारकाई दाखवतात, मोजणीची अचूकता नव्हे. मोकळ्या आकाशाखाली चांगला मोबाइलही सुमारे पाच मीटरांपर्यंत चुकतो, आणि लपवणाऱ्याची चूक व शोधणाऱ्याची चूक या दोन स्वतंत्र गोष्टी असल्यामुळे त्या मिळून एकूण चूक वाढवतात.

घळीच्या तळाशी परिस्थिती आणखी बिघडते. स्थान काढण्यासाठी किमान चार उपग्रह लागतात, तीन स्थानासाठी आणि चौथा उपकरणाच्या घड्याळातील चूक काढण्यासाठी. ते आकाशात जितके विखुरलेले, तितके उत्तर विश्वसनीय. दोन्ही बाजूंना कडे असतील तर नदीच्या दिशेने पसरलेली आकाशाची पट्टीच तेवढी उरते, आणि त्यामुळे घळीला आडव्या दिशेतील चूक सर्वाधिक वाढते. त्यात भर म्हणून काही संकेत कड्यावर आपटून उपकरणापर्यंत येतात. असा संकेत 30 मीटरचा वळसा घेऊन आला, तर तो सेकंदाच्या केवळ एक कोट्यंशाने उशिरा पोहोचतो, पण उपकरण तेवढ्याने उपग्रह 30 मीटर अधिक दूर आहे असे धरून चालते. आडव्या दिशेत एकीकडे खडा कडा असतो आणि दुसरीकडे नदी, म्हणजे यंत्र नेमके धोक्याच्याच दिशेने चुकते. घळीच्या माथ्यावर आकाश मोकळे असले, तरी शेलचा ठिसूळ काठ पाहता तेथे पाच मीटरांची चूकही थोडी म्हणता येत नाही.

म्हणून लपवणाऱ्याने एकाच नोंदीवर विसंबणे हा प्रस्तुत लेखकाच्या मते निव्वळ बेजबाबदारपणा आहे. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी नोंदी घ्याव्यात, कारण तोवर उपग्रहांची मांडणी बदललेली असते. त्यांची सरासरी काढावी, उद्यान कार्यालयाची परवानगी घ्यावी आणि डबा पायवाटेलगतच ठेवावा. हा छंद म्हणजे खजिन्यासाठी केलेली खोदाखोद, असा आरोप अनेकदा होतो. वस्तुतः जागेच्या मालकाच्या परवानगीशिवाय डब्यासाठी खणणे नियमानेच निषिद्ध आहे. तरीही 2005 मध्ये साउथ कॅरोलायनाच्या प्रतिनिधिगृहाने स्मशानभूमी आणि ऐतिहासिक स्थळी परवानगीशिवाय या छंदाला मनाई करणारे विधेयक मंजूर केले. पुढे त्याचा कायदा झाला नाही, परंतु त्यामागची चिंता खोटी नव्हती: शोधक खणत नसला, तरी स्थानातील चुकीमुळे आसपास घुटमळणारी पावले झुडपे तुडवतात आणि सैल दगड हलवतात.

मेरी जेमिसनच्या कबरीसारख्या जागी डबा असूच नये. तेथे अर्थकॅश पुरेशी आहे. अर्थकॅशमध्ये डबा नसतो, शोधकाने भूरचना पाहून ठरलेल्या प्रश्नांची उत्तरे पाठवायची असतात. नायगाराच्या वाटेवर मुलाबाळांसह लेचवर्थला थांबणाऱ्या मराठी वाचकांनी मोबाइल कुंपणाच्या पलीकडची जागा दाखवू लागला, तर कुंपणाच्या अलीकडेच थांबावे आणि डबा सापडला नाही अशी नोंद करावी. त्या नोंदीवरून लपवणाऱ्याला आपले आकडे पुन्हा तपासता येतात.