वडिलांचा डावा गाल

गंगापूर रोडला राहणाऱ्याला लाटा पाहायला समुद्रावर जावे लागत नाही. धरणाच्या काठी उभे राहून थोड्या अंतराने दोन खडे टाकावे. वर्तुळे एकमेकांत शिरतात. कुठे पाणी दुप्पट उचलते, कुठे निपचित पडते. प्रकाशही असाच लाटांचा. पण आमच्या आकाशकंदिलातला प्रकाश म्हणजे शाळा सुटल्यावरची पोरे! कुणाचे पाऊल कुणाशी जुळेल तर शपथ. लेसर म्हणजे कवायतीची रांग : पावलाची लांबी एक, ठेका एक, आणि तो दूरवर न मोडणारा. शास्त्राचे सर याला सुसंगती म्हणतात. मी पडलो भाषेचा मास्तर. मला कवायतच बरी वाटते.

या कवायतीवाचून डेनिस गॅबर यांचे अडले होते. होलोग्रामची कल्पना त्यांना १९४७ साली इंग्लंडात सुचली. पहिला लेसर मात्र १९६० साली अमेरिकेत मेमन यांनी पेटवला. मग मिशिगनच्या लीथ आणि उपात्निएक्स यांनी १९६४ साली खेळण्यातली आगगाडी काचेत अशी उभी केली की, मान वळवली तर तिची बाजू दिसावी. गॅबरना १९७१ साली नोबेल मिळाले.

युक्ती धरणाकाठचीच. लेसरचा झोत दुभागायचा. एक भाग वस्तूवरून उसळून काचेवर येतो, दुसरा थेट. दोघांच्या भेटीची नक्षी काच टिपते. लाल लेसरच्या दीड हजारांवर लाटा एका मिलिमीटरात मावतात. तेव्हा टिपताना वस्तू केसभर हलली तरी सारे पुसलेच! निवडणुकीच्या कामावर आम्हा मास्तरांनी मतदार-ओळखपत्रावरचा चकाकता छाप शेकडो वेळा पाहिला आहे. तोही याच कुळातला, फक्त साध्या उजेडात दिसणारा.

पण मला चटका लावला तो निराळ्याच गोष्टीने. आगगाडीच्या त्या पद्धतीची काच फुटली, तरी तुकड्यातून अख्खी वस्तू दिसते. कारण वस्तूच्या प्रत्येक बिंदूचा प्रकाश काचभर पसरलेला असतो. खिडकी तेवढी लहान होते, चित्र जरा अंधुक.

आमच्या घरी वडिलांचा एकच फोटो. त्याची डावी बाजू वाळवीने खाल्लेली. मी तीन वर्षांचा असताना ते गेले. परवा फराळाच्या वेळी धाकटीने विचारले, “बाबा, आजोबांचा हा गाल कसा होता?”

आई म्हणाली, “कानाजवळ तीळ होता.”

आत्या म्हणाली, “छे गं वहिनी, तीळ नव्हे. लहानपणी विटी लागली होती, तिचा व्रण!”

दोघींचे अजून मिटलेले नाही.