कॉम्प्युटर नवा केला, पण आधी अक्षरं बाहेर काढली

आज फवारणी नाही, छाटणी नाही, घरातल्या कॉम्प्युटरचं लिहितोय. पोरांच्या शिक्षणाला घेतलेला असा डबा बऱ्याच जणांच्या घरी कोपऱ्यात असेल, त्यांच्या कामी येईल.

आमचा 2011 चा. दोन जीबी रॅम, 500 जीबीची हार्ड डिस्क. आला तेव्हा विंडोज 7 होतं, मधे कधीतरी 10 झालं. हल्ली बटण दाबून मी गाईची धार काढून आलो तरी ते गोल चक्र फिरतच असायचं. दिवाळीनंतर डिस्कमधून कट-कट आवाज यायला लागला आणि दर वेळी चालू केलं की तारीख 2011 ची. तारीख मागे गेली की बँकेची साइट उघडत नाही, सातबाऱ्याची उघडत नाही. साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते आणि आपलं मशीन त्या मुदतीच्या आधीच्या काळात जाऊन बसलेलं असतं. हा रोग सगळ्यात स्वस्त. आत नाण्याएवढा गोल सेल असतो, सीआर 2032. तो बदलला की तारीख टिकते.

डिस्कचा आवाज मात्र सेलने जाणारा नव्हता. दुकानात नेला तर तो म्हणाला, "फॉरमॅट मारून देतो, विंडोज नवीन टाकतो. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंटचा बॅकअप घेतो, बाकीची गॅरंटी नाही." मी तसाच गाडीवर टाकून परत आणला.

कारण त्यात काय आहे ते मला माहीत. 2011 पासून प्रत्येक प्लॉटची ऑक्टोबर छाटणीची तारीख, त्यानंतर किती मिलिमीटर पाऊस झाला, पोंग्यात कोणतं औषध गेलं, घड किती जिरले. मार्च 2014 ची गारपीट आहे, 2019 चा दिवाळीतला पाऊस आहे, 26 नोव्हेंबर 2023 आहे. छाटणी आठ दिवस पुढे घ्यावी की नाही हे मी त्यावरून ठरवतो. आणि 2013 च्या उन्हाळ्यात वडील खाटेवर बसून सांगायचे, मी टाइप करायचो, ते आहे. विहिरीवरून पाइपलाइन कुठून गेली, व्हॉल्व कुठे गाडलेत, कोणत्या बांधाला किती फुटावर खडक लागतो. सगळं पावलांनी मोजलेलं. वडील 2016 ला गेले.

पोरगी पुण्याला असते. फोनवर म्हणाली, "अप्पा, आता तो सारखा चालू-बंद करू नका. स्कॅन पण लावू नका. मरायला टेकलेल्या डिस्कला पळवायचं नसतं." शनिवारी आली ती पेनड्राइव्हमध्ये लिनक्स मिंट घेऊनच. त्याची गंमत अशी की ते पेनड्राइव्हवरूनच चालतं. डिस्कवर काही न लिहिता आख्खा कॉम्प्युटर उभा राहतो आणि आपल्या जुन्या फाइली समोर दिसतात. त्यातच डिस्क तपासायची सोय आहे. तिथे इंग्रजीत लिहून आलं की ही डिस्क लवकरच जाण्याची शक्यता आहे. डॉक्टरने स्पष्ट सांगितलेलं बरं असतं.

आधी लहान आणि कामाच्या फाइली काढल्या. पंधरा वर्षांचं सगळं लिखाण दोनशे एमबीसुद्धा भरलं नाही. मग फोटो. एका लग्नाच्या फोल्डरला डिस्क अडकली ती अडकलीच, तिथे सोडून पुढे गेलो.

आता खरी गोष्ट. पोरीने 2013 ची फाइल उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी. ती म्हणाली, "अप्पा, फाइल खराब झाली." मी म्हटलं, फाइल धडधाकट आहे, अक्षरं तिकडे राहिलीत. दहावीनंतर मी तालुक्याला टायपिंग क्लास केला होता, मराठी तीस. नोकरी काय लागली नाही, पण बोटांना तीच सवय. त्यामुळे सुरुवातीची वर्षं मी कृतीदेव फॉन्टमध्ये टाइप केलं. त्यात आत इंग्रजी अक्षरंच असतात, वरून फक्त मराठीचा अंगरखा. तो फॉन्ट असतो सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये, फॉन्ट्स नावाखाली. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंटचा बॅकअप घेणारा तिकडे कशाला जाईल? आम्ही गेलो, फॉन्ट उचलला, मिंटमध्ये बसवला, आणि वडिलांचं बोलणं जसंच्या तसं समोर आलं.

नंतर ते युनिकोडमध्ये बदलून घेतलं, म्हणजे मोबाइलवरही दिसतं. पण कन्व्हर्टरवर डोळे मिटून विसंबू नका. टाइपरायटरच्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारतात, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. जोडाक्षर किंवा रफार आला की गडबड होते. दोन रात्री बसून मी ओळ न ओळ ताडून पाहिली. मूळ फाइली आणि फॉन्ट वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवलेत.

एवढं झाल्यावर मग पेटी उघडली. आत धूळ, आणि पालीची दोन अंडी. पंक्चरवाल्याकडून हवा मारून आणली (पंखा बोटाने धरून मारा, नाहीतर गरागरा फिरून जातो). जुनी डिस्क काढून 240 जीबीची एसएसडी बसवली, रॅम जुनी विकत घेऊन चार जीबी केली. विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागतं, ते आमच्या मशीनला नाही. म्हणून मिंटच कायमचं टाकलं. सिंगल फेज टिकलेली बघून बसलो, अर्ध्या तासात काम झालं. आता चहा गाळेपर्यंत चालू होतो. मराठी टायपिंग मात्र इनस्क्रिप्टवर शिकतोय, पन्नाशीत बोटं ऐकत नाहीत.

परवा वरच्या प्लॉटला पाणी कमी चढत होतं. वडिलांच्या फाइलीत व्हॉल्व "बाभळीपासून अठरा पावलं, विहिरीकडे तोंड करून" असा आहे. बाभूळ नाही राहिली, खोड आहे. अठराव्या पावलावर पहार मारली तर काही नाही. मग लक्षात आलं, वडील सहा फुटी होते. माझ्या एकविसाव्या पावलावर पहार लोखंडावर वाजली.

प्रिंटर अजून चालत नाही. मिंटवर जुना लेझर प्रिंटर कुणी चालू केला असेल तर कसा केला ते खाली लिहा. उद्या सकाळी डिपिंग आहे, उत्तर संध्याकाळी बघीन.