शिक्षा न झालेला मुलगा

आजीच्या घरातली बैठकीची खोली म्हणजे कशालाही हात लावायचा नाही अशी जागा. काचेचं कपाट, पिढीजात घड्याळ, ज्यावर कोणी ऐसपैस बसत नाही असा सोफा. तेरा वर्षांचा कॉनर एका रात्री ती सगळी खोली फोडून टाकतो. बोटं रक्ताळलेली, घड्याळाचे काटे १२:०७वर अडकलेले. आजी परत येते, दारातच थबकते. आता याच्या थोबाडीत बसणार, असं आपल्याला वाटतं. आजी मारत नाही, रागावतही नाही. खोलीत एकच कपाट उभं राहिलेलं असतं. ती त्याच्याकडे जाते आणि तेही स्वतःच्या हातांनी खाली पाडते.

पॅट्रिक नेसच्या ‘अ मॉन्स्टर कॉल्स’मध्ये (२०११) मी इथे रडले. कॉनरच्या आजारी आईचं जाणं पुढे आहे. पण ते येणार हे सुरुवातीपासून कळत असतं, मन त्याला सरावतं. या कपाटाची मात्र काहीच कल्पना नव्हती. दुसऱ्या दिवशी वडील म्हणतात, शिक्षा करून काय उपयोग? पुढे शाळेत एका मुलाला बदडल्यावर मुख्याध्यापिकाही तेच म्हणतात. आई आजारी आहे ना बिचाऱ्याची! आणि पोराला तर शिक्षाच हवी असते.

हे आपल्याकडेही नवीन नाही. घरात मोठं आजारपण आलं की शहाळी आणि सफरचंदं घेऊन मंडळी येतात, आतल्या खोलीत हळू आवाजात बोलतात आणि निघताना पोराच्या डोक्यावरून हात फिरवतात. ‘तू शहाणा आहेस हं, आईला त्रास देऊ नकोस.’ त्या दिवसापासून त्याला कोणी ओरडत नाही. गृहपाठ राहिला तरी चालतो. पोराचं पोरपणच असं काढून घेतलं जातं, आणि तेही मायेनं.

रात्री १२:०७ला कॉनरच्या घरामागचं यू जातीचं झाड राक्षस होऊन येतं. आपण तीन गोष्टी सांगणार आणि चौथी तू सांगायचीस, अशी त्याची अट. (जिम के यांची काळीकुट्ट चित्रं त्या झाडाला पानाच्या कडेपर्यंत पसरू देतात, चित्रांशिवाय हे पुस्तक वाचू नये.) आईला दिलेलं शेवटचं औषधही यूपासूनच केलेलं. ही कल्पना ओढूनताणून आणलेली नाही. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरचं औषध पॅसिफिक यूच्या सालीतून मिळालं. १९७१ साली त्याची रचना प्रसिद्ध करणाऱ्या मन्रो वॉल यांच्या जोडीला होते मनसुख वाणी, आपल्या नंदुरबारात जन्मलेले. औषध खरं, कित्येकांना लागू पडलेलं. कॉनरच्या आईला पडत नाही, एवढंच. इथे लेखकाचा रागही येतो आणि तो खोटं बोलला नाही म्हणून बरंही वाटतं.

मूळ कल्पना शिवॉन डाउड या लेखिकेची. स्तनांच्या कर्करोगानं ती २००७ साली गेली; पात्रं आणि सुरुवात तेवढी मागे राहिली. नेस तिला कधी भेटलाही नव्हता. तरी त्यानं ते काम हाती घेतलं, आणि भावुक श्रद्धांजली न करता एक चिडकं, खोडकर झाड उभं केलं, याचं मला फार कौतुक वाटतं. झाडानं सांगितलेली तिसरी गोष्ट मात्र घाईत उरकल्यासारखी वाटते.

चौथी गोष्ट कॉनरच्या दुःस्वप्नाची. त्यात आईचा हात त्याच्या हातातून सुटतो. खरं तर तोच सोडतो. हे सगळं एकदाचं संपावं, असं त्याला वाटलेलं असतं. आई जावी असं नव्हे, ही वाट बघणं संपावं. आपल्याकडे नव्वदीची आजी गेली की शेजारीपाजारी खुशाल म्हणतात, ‘सुटली बिचारी.’ कोणाला त्यात वावगं वाटत नाही. तेच तेराव्या वर्षी, आई जिवंत असताना मनात आलं, तर पोरानं सांगायचं कोणाला?

इतकं रडवणारं पुस्तक मुलांना द्यावं का, असं एका मैत्रिणीनं विचारलं. जरूर द्यावं. पण त्याआधी शहाळी घेऊन येणाऱ्यांना द्यावं.